छत्तिसावी पायरी

वानखडे वारले, असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणी सांगितलं?" शोक वगैरे नंतर, आधी चौकशी. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या, त्यामुळे मान खाली घालून निमूट बसलेला माणूस दिसला की याच्या बाकाखाली काय आहे, हेच माझ्या मनात आधी येतं. खरं म्हणजे तीन दिवस मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आमच्या कुंपणापलीकडे वानखड्यांच्या बागेतली छोटी आगगाडी रोज संध्याकाळी पाच वाजता शिटी द्यायची, ती दिली नव्हती. माझ्या ते लक्षात आलं होतं आणि मी त्याचा अर्थही लावून ठेवला होता, की गेले असतील कोणा बिल्डरबरोबर जागा दाखवायला. ते त्या वेळी हॉस्पिटलमध्ये होते. या गोष्टीला आता सहा महिने झाले, पण तो लावलेला अर्थ माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

श्रीधर वानखडे मूळचे वऱ्हाडातले. खडकीच्या कारखान्यात ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे करायचं काम त्यांनी जन्मभर केलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारचं जुनं बैठं घर घेऊन बायकोसह राहायला आले. आमची इमारत तीन मजली, मी दुसऱ्या मजल्यावर एकटी, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची अख्खी बाग दिसते. आल्या आल्या त्यांनी बाग खणायला घेतली. मला वाटलं, चोरून बोअर मारतायत. मग खडी आली, त्यावर दोन बोटं रुंदीचे रूळ आले, रुळांवर बॅटरीची गाडी आली, तरी माझा विश्वास बसेना. साठी उलटलेला माणूस दिवसभर उकिडवा बसून खेळण्यातली गाडी चालवतो, म्हणजे यामागे दुसरं काहीतरी असलंच पाहिजे. त्यात ते दिसेल त्याला चहाला बोलवत. पुण्यात ओळखपाळख नसताना कोणी चहाला बोलावलं, तर शहाणा माणूस आधी खिशाला हात लावतो.

एकदा मात्र गेले. "बाई, वरून काय पाहून राहिल्या? खाली येऊन पाहा नं," असं त्यांनी बागेतून ओरडून म्हटलं, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नव्हती. जवळून पाहिलं आणि क्षणभर, एक क्षणभरच, मी संशय घ्यायचं विसरले. मरव्याच्या रोपांची आमराई, कुंडीतल्या बुटक्या वडाखाली पार, आणि तिथे एक स्टेशन. कौलारू छप्पर, आणि प्रत्येक कौल फुटक्या कुंडीच्या खापरीतून कापून, कानशीनं घासून केलेलं. तिकिटाच्या खिडकीला खरे गज होते. पाण्याच्या टाकीवर चढायला शिडी होती आणि तिची एक कांब जरा वाकलेली होती. "ती मुद्दाम वाकवली. आमच्या गावच्या स्टेशनात तशीच होती," ते म्हणाले. खरा एक फूट म्हणजे तिथे अर्धा इंच, असा त्यांचा हिशेब, म्हणजे माणूस पावणेतीन इंचांचा. गावाकडची अरुंद रुळांची बारकी गाडी बंद पडली, रूळ गवतात गेले, म्हणून त्यांनी आठवणीतून सगळं परत बांधायला घेतलं होतं. एका खिडकीला वीस दिवस लागले, असं ते सहज सांगत होते. मी मनात म्हटलं, वीस दिवसांत लोक खरी खिडकी बसवून वर रंग देतात.

ते साखर आणायला आत गेले आणि मी माझं काम केलं. माझ्या पर्समध्ये सहा इंची पट्टी कायम असते, ही शाळेची जुनी खोड. त्यांच्या बाकड्यावर पितळी कडांची एक लाकडी फूटपट्टी होती, तिच्या शेजारी मी माझी धरली. माझे सहा इंच संपले तरी त्यांचे सहा इंच अजून संपले नव्हते! म्हणजे पट्टीच खोटी. ते बाहेर आले तशी मी पट्टी उचलून म्हटलं, "अहो वानखडे, आपली फूटपट्टी फसवी आहे." ते इतके हसले की कपातला चहा बशीत आला. "बाई, लोखंड थंडं झालं का आकसते. साचा नेमका केला तर वस्तू बारीक निघते. म्हणून साचेवाल्याची पट्टीच थोडी मोठी असते. आकसायला जागा सोडा लागते नं." कारखाना सुटला तरी हाताला तीच पट्टी बसली होती, त्यामुळे त्यांचं सगळं गाव, स्टेशन, टाकी, पार, शंभराला एक या प्रमाणात मोठं होतं. हे त्यांना माहीत होतं. "कोण मोजते?" ते म्हणाले. "मी मोजते," मी म्हणाले. खुलासा शास्त्रशुद्ध होता. मला पटलाही. पण घरी येऊन मी स्वतःला सांगितलं, की ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला इतका बिनचूक खुलासा तयार असतो, त्याच्यापासून जपून राहावं. एवढं होऊनही पुढे चार-पाच वर्षं आमचं बरं चाललं होतं. त्या छोट्या गावात नवं काही बांधून झालं की ते मला हाक मारत, मी पट्टी घेऊन जाई आणि चुका काढी. खरं सांगायचं तर माझ्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला वेळ असायचा, पण हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

मग आमच्या भागात पुनर्विकासाचं वारं आलं. रोज कोणीतरी चकचकीत कागद घेऊन दारात उभं. आमची जागा आणि वानखड्यांची जागा एकत्र केली तर मोठी इमारत होते, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि अशातच एका रविवारी भर दुपारी मी खिडकीतून पाहते, तर वानखडे आमच्या इमारतीच्या दारात! हातात लाल-पांढरे पट्टे मारलेली काठी, कमरेला टेप, खिशात वही. काठी भिंतीला टेकवून फोटो काढत होते, इमारतीची रुंदी मोजून वहीत लिहीत होते. मला काय ते समजलं. खाली जाऊन विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही... सुचलं असेल, पण उत्तर तयार असणार याची खात्री होती. पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि म्हणाले, की शेजारचे वानखडे हे बिल्डरचे हस्तक आहेत, मी त्यांना मापं घेताना डोळ्यांनी पाहिलंय. सेक्रेटरींनी सगळ्यात आधी टेबल वाजवलं. फाटकावर पाटी लावायचं ठरलं, आणि मजकूर अर्थातच मी लिहिला: "बाहेरील व्यक्तींनी या इमारतीची मापे घेऊ नयेत. घेताना आढळल्यास कारण ऐकून घेतले जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी वानखड्यांनी ती पाटी वाचलेली मी वरून पाहिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. माझी खिडकी नेहमीप्रमाणे बोटभर उघडी होती आणि मी तिच्यामागे होते. ते काठी उचलून निघून गेले. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. गाडी पाचला शिटी द्यायची, मी पाचला चहा टाकायची, तेवढाच संबंध. अधूनमधून ते बागेत उभे राहून एक डोळा मिटत, हात लांब करून आमच्या इमारतीसमोर पेन्सिल उभी धरत. ते कुणाला तरी खुणा करतायत, असं मी सेक्रेटरींना सांगितलं होतं.

शेवटची भेट कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपाशी झाली, त्यांच्या जाण्याआधी महिनाभर. शर्ट अंगावर नुसता टांगल्यासारखा झाला होता. मी मान वळवणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. "बाई, एक सांगा. तुमच्या जिन्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती हाय? माझ्या बागेतून जाळीतल्या वरच्या दिसते, खालच्या दिसत नाही. कुंपणाची भिंत आड येते." छत्तीस. मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. गुडघे दुखायला लागल्यापासून रोज दोनदा मोजते मी. पण मी म्हणाले, "कशाला हवंय?" ते म्हणाले, "काही नाही, असंच." या 'असंच'नं माझा संशय पक्का झाला. "मोजल्या नाहीत कधी," मी सांगितलं आणि मेथीची जुडी उचलली. ते माझ्याकडे पाहून किंचित हसले. गणिताची बाई आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजत नाही, यावर त्यांचाही विश्वास बसला नसणार. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी त्यांच्या पत्नी शोभाताई स्वतः माझ्या दारात आल्या. "बाई, खाली येता का? हे तुमच्यासाठी काहीतरी करून गेले," म्हणाल्या. पडवीत, जुन्या फडक्याखाली, आमची इमारत होती. पुण्यात दाखवण्यासारख्या इतक्या वास्तू सोडून आमची ही बेढब तीन मजली! "पस्तीस वर्षं पुण्यात काढली, आपल्या गाडीला पुण्याचं एक तरी घर पाहिजे, म्हणायचे. आणि रोज समोर दिसते तीच करतो म्हणाले," शोभाताई सांगत होत्या. गच्चीवरच्या टाकीखालचा शेवाळाचा ओघळ होता. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कधीचा लटकलेला तुटका पाळणा होता. आणि दुसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी... तिचं एक दार जरासं उघडं, आणि फटीत चष्मा लावलेलं एक तोंड. मला हसू आलं, मग लाज वाटली. दोन वर्षं मी त्यांना चोरून पाहत होते आणि हा माणूस बागेत बसून माझ्या चष्म्याची काडी तारेतून वळवत होता.

तरीही, मी खोटं सांगणार नाही, माझा हात पर्समध्ये गेलाच. पुनर्विकासाच्या कागदांत इमारतीची रुंदी चाळीस फूट लिहिली आहे, म्हणजे इथे वीस इंच हवी. त्यांच्या पट्टीनं केली असेल तर चांगली पाच मिलिमीटर जास्त भरणार. मी सहा इंची पट्टी पुढे सरकवत सरकवत मोजलं. वीस. पुन्हा मोजलं. केसभरही फरक नाही. मी काही विचारायच्या आत शोभाताईंनी त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढून दाखवली, शाळेतली मुलं वापरतात तसली. "ही खास आणली होती. मी विचारलं, तुमची पट्टी असताना ही कशाला? तर म्हणाले, ही बाईंची बिल्डिंग आहे, बाई मोजल्याशिवाय राहणार नाहीत." मी तिथेच पडवीच्या पायरीवर बसले आणि मला रडू आवरेना. माझा नवरा गेला तेव्हाही मी चारचौघांत अशी रडले नव्हते. ज्या माणसाचं कारण ऐकून घ्यायचं नाही असं मी पाटीवर लिहिलं होतं, त्यानं माझ्यासाठी जन्माची सवय बाजूला ठेवली होती, आणि मी हात जोडून माफी मागावी तर समोर नुसती फडक्याची घडी होती.

बिल्डरशी बोलणी कोण करत होतं, ते नंतर कळलं. सेक्रेटरीच. यथावकाश आमच्या सह्याही झाल्या, माझीसुद्धा. वर्षभरात ही इमारत पडेल आणि मग ती फक्त वानखड्यांच्या स्टेशनाशेजारी उभी राहील. शोभाताईंनी आपली जागा द्यायला साफ नकार दिला आहे. गाडी त्या चालवतात. पाचची शिटी पुन्हा वाजू लागली आहे, कधी पाच वाजून दहा मिनिटांनी, पण वाजते. मी खाली जाते, आमच्या इमारतीवरची धूळ मऊ ब्रशनं झाडते. फाटकावरची पाटी मी स्वतः स्टुलावर चढून काढली.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी निघताना मी जिन्याच्या जाळीतून वाकून पाहिलं. आत पायऱ्या होत्या, एकेक कापून बसवलेल्या. खिळ्याच्या टोकानं मी त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत मोजल्या. पस्तीस. वरच्या सगळ्या बरोबर होत्या. तळाशी, कुंपणाच्या भिंतीआड, जिथे त्यांना अंदाज करावा लागला, तिथे एक कमी. अख्ख्या इमारतीत चूक अशी ती एवढीच, आणि ती त्यांची नाही. शोभाताई म्हणाल्या, हवं तर एक घालून घेऊ, लाकूड आहे. मी नको म्हटलं. आता रोज जिना चढताना मी पायऱ्या मोठ्यानं मोजते. बाईंचं वय झालं, असं सेक्रेटरी लोकांना सांगतात म्हणे, सांगू देत. वर पोचले की धाप लागलेली असते, तरी जिन्याच्या जाळीशी उभी राहून त्यांच्या बागेकडे तोंड करून मी शेवटचा आकडा म्हणते. छत्तीस, वानखडे. छत्तीस आहेत.