मारेगावात मांडलेलं रुखवत

मुलांनो, यवतमाळहून मोटार सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक जुनं पितळी पानदान होतं, पायाशी दोन पेट्या होत्या आणि डोक्यात इंग्रजी पुस्तकातून उचललेली अक्कल होती. तिकडे विलायतेत संग्रहालयाबाहेर रांग लागते, असं तुम्ही पत्रात लिहिल्यापासून मला चैन नव्हतं. आमच्या संग्रहालयाच्या दोन खोल्यांत पालींखेरीज कुणी फिरकत नाही. चिटणीस वामनराव शेवटी म्हणाले, "मावशी, प्रदर्शन मारेगावला नेऊन पाहा. तिथंही माणसं आली नाहीत, तर खोल्या पत्त्यांच्या क्लबाला देऊन टाकू." ते स्वतः दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होते.

वेचणी संपली होती. शेतांत नुसत्या पळाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उभ्या होत्या, आणि बांधावरून मोहाच्या फुलांचा वास येत होता. वाटेत करंजी गावी चहा प्यायला उतरले. परत येऊन पाहते तो एक पागोटेवाले गृहस्थ मूर्तींच्या पेटीवर ऐसपैस बसलेले. पेटीवर 'नाजूक' अशी चिठ्ठी मी लावली होती, पण इंग्रजीत. ते मारेगावपर्यंत तसेच बसून आले.

शाळेच्या खोलीत मी टेबलं मांडली, दोरी बांधली, 'हात लावू नये' आणि 'शांतता राखावी' अशा पाट्या टांगल्या. गावभर छापील कागद चिकटवले होते. शांतता उत्तम राखली गेली. दिवसभरात एक बकरी आली, आणि तिनेही कागदच खाल्ला.

माझा मुक्काम कौसाबाई नावाच्या शेतकरणीकडे होता. तिने जेवायला पातोड्या (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा) केल्या होत्या. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत मी विचारलं, "तुम्हीसुद्धा का नाही आलात?"

"मले कोनं बलावलं जी?"

"भिंतीवर कागद नाही का पाहिलात?"

"कागद तं बैलाच्या औषधाचाबी हाय तिथी. मी गेली का?"

सकाळी हळदकुंकू आणि अक्षता घेऊन मी कौसाबाईबरोबर दारोदार हिंडले. एंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या बायकोला, खातूनबीला, कुंकवाऐवजी अत्तर लावलं. ती मनगट हुंगत म्हणाली, "लगन कोनाचं हाय, खाला?" मी हसून पुढे गेले.

दुपारी खोली बायकांनी भरली. आनंदाने मी सतरंजी घातली, "बसा बसा" म्हटलं, आणि सगळ्याजणी बसल्या. टेबलांकडे पाठ करून. सुनांच्या तक्रारी निघाल्या, पापडांची चर्चा झाली. वस्तूंकडे कुणी मान वळवेना.

"उठा ना, पाहा की!"

"पाह्यलं ना जी, बेस हाय," कौसाबाई मागे न बघता म्हणाली. दुसऱ्याच्या घरच्या वस्तू डोळे फाडून पाहायच्या नाहीत, एवढी रीत तिला होती. पाहुणचार करून मीच त्यांना बांधून टाकलं होतं. तिकडे वामनरावांची मोटार यायची वेळ झालेली. माझा तोल गेला.

"माझ्या लेकीचं रुखवत मांडलं असतं, तर अशाच बसला असतात का?"

त्यासरशी कौसाबाई ताडकन उठली. "रुखवत व्हय काय हे? मंग आधी काहून नाही सांगतलं, माय!"

त्यानंतर दोरी कुठे गेली ते मला कळलं नाही. समया उचलून जोखल्या गेल्या, लाकडी बाहुल्यांच्या नाकांना नावं ठेवली गेली.

"भरतकाम चांगलं हाय, पन किती जुनं वो! पोरीले जुनंच देल्लं?"

"मायबाप चिकट दिसते."

"नवरी कुठी हाय पन?"

"हेच असन!" खातूनबीने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि बायका हसून लोटपोट झाल्या. तेवढ्यात कुणीतरी पानदानात खराखुरा कात-चुना भरला. नेमके त्याच वेळी वामनराव दारात उभे राहिले.

"मुलाकडचे आले वाट्टे!" म्हणत कौसाबाईने त्यांच्या हातात विडा ठेवला. "पाहा बाप्पा, हुंडा नाही तं नाही, पन रुखवत तं पाहा." आणि तिने त्यांना दंडाला धरून प्रत्येक वस्तूपुढे फिरवलं. मी पाट्यांच्या मागे तोंड लपवून उभी.

परतताना मोटारीत वामनरावांचे ओठ विड्याने लाल झाले होते. करंजी गेल्यावर म्हणाले, "मावशी, गावात लग्नघराला गर्दी होतेच. आपल्या खोल्यांत कोण येतं, ते बोला."

लोकांना पाहायचं कसं हे शिकवायला मी गेले होते. पाहणं त्यांना माझ्याहून बरं येत होतं. फक्त पाहायचा हक्क मी त्यांना कधी दिला नव्हता. हे समजायला मला दोन मोटारी, एक बकरी आणि तिखट रस्सा लागला.

पुढच्या आठवड्यात क्लबाचे लोक खोल्यांची मापं घेत होते. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. गावातल्या एका लग्नाचा बस्ता बांधायला यवतमाळला आलेल्या कौसाबाई आणि खातूनबी, मागे त्यांच्या जावा-सुना. आता ओळख झाली होती. बोलावण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. दोन्ही खोल्या उचकून झाल्यावर कौसाबाई वामनरावांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रुखवत अजून उचललं नाही? लगन कवा हाय मंग?"

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग मापाची टेप धरलेल्या क्लबवाल्यांकडे.

"तारीख ठरायची आहे, बाई," ते म्हणाले. "तोवर हे असंच मांडलेलं राहील."