दिपिकाने एकच मागितला होता

दिपिकाचं गर्भाशय जन्मापासूनच अर्धं होतं. हे कळलं तेव्हा तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवत होती. अंगाने दणकट, कधी साध्या तापानेही न झोपलेली बाई. डॉ. केनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून समजावू लागल्या, तेव्हा तिला वाटलं की त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

"एक बाजू वाढलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "टेस्ट ट्यूबने मूल होऊ शकेल. पण आत जागा एकाचीच आहे. तीही जेमतेम."

उपचारांत तीन गर्भ तयार झाले. डॉक्टरांनी त्यांचे फोटो दाखवले. त्यातला एक चांगला वाढलेला होता, दुसरे दोन बरे. "हा गर्भाशयात सोडू. बाकीचे गोठवून ठेवू."

"मॅडम, दोन सोडा ना," दिपिकाचा नवरा अल्पेश म्हणाला. "एक नाही रुजला तर दुसरा तरी."

"आणि दोन्ही रुजले तर?"

"मग तर बेस्टच!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "मग हिचं गर्भाशय फाटू शकतं."

घरी हा विषय संपला नाही. सासू बायजा खाडीकाठचं घर सोडून त्यांच्या आचोळ्याच्या फ्लॅटवर मुक्कामाला आली होती. ती म्हणायची, "दोन मागून घे गं बाय. एकदाच बालंतपन, मंग सुटलीस." अल्पेशने तर दोन सोडायला तयार असलेला दुसरा डॉक्टरही शोधून काढला. त्या दिवशी दिपिका पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"पोट माझं आहे. एकच."

कितीतरी दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. मग एका सकाळी त्याने गाडी काढली आणि मुकाट्याने तिला डॉ. केनींकडे नेलं. एकच गर्भ सोडला. पडद्यावर पांढरा ठिपका सरकताना दिपिकाने स्वतः पाहिला.

तो रुजला. पुढच्या सोनोग्राफीला मात्र तपासता तपासता डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला.

"मॅडम, एकच सोडला होता ना?" दिपिकाने विचारलं.

"एकच. आत गेल्यावर त्याचे दोन झालेत. क्वचित होतं असं. दोघांना पोसणारी वारही एकच आहे."

अल्पेश बाहेर पळाला, आईला फोन करायला. दिपिका टेबलावरच पडून राहिली. दार बंद झाल्यावर तिने विचारलं, "एक काढता येईल?"

"मुंबईत मोठ्या इस्पितळात करतात. पण एकाच वारेवर दोघं आहेत. एकाला हात लावला तर दुसराही जाऊ शकतो."

दिपिकाने पुन्हा विचारलं नाही.

बायजाने मजल्यावर पेढे वाटले. "द्यावानं माजं आयकलं," ती ज्याला त्याला सांगायची. येणाऱ्या बायका दिपिकाच्या पोटाला हात लावून जायच्या. पोट उजवीकडेच चढत होतं, ताठ, दगडासारखं. लाथाही उजवीकडेच लागायच्या, एकावर एक, जणू आत कुणी कुणाला सरकवत होतं. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला बंदी केली. मग एका बाळाला रक्त जास्त जातंय आणि दुसऱ्याला कमी, हेही दिसू लागलं. अल्पेशचं हसणं बंद झालं. सांगून ठेवलेला जुळ्यांचा पाळणा त्याने दुकानातून आणलाच नाही.

सातवा लागला होता. बायजा खाली बसून वाल सोलत होती. दिपिकाला पोटात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि चादर गरम झाली.

"आई," ती म्हणाली, "अल्पेशला बोलवा."

बायजाने रक्त पाहिलं आणि वालाचं सुपडं तिच्या हातातून पडलं.

ऑपरेशन झालं. गर्भाशय कागदासारखं पातळ होऊन एका जागी उसवलं होतं, ते काढावं लागलं. गोठवलेले दोन गर्भ आता तिच्या पोटात कधीच जाणार नव्हते. मुली दोन झाल्या. मोठी अंगाने भरलेली होती, पण जास्तीच्या रक्ताने तिचं हृदय थकलं होतं. ती गेली. तळहाताएवढी, सुरकुतलेली धाकटी तगली.

धाकटीला ठेवलं होतं त्या खोलीच्या काचेबाहेर अल्पेश भिंतीला टेकून रडत होता. "मीच दोन-दोन करत होतो."

"तुझ्या बोलण्याने काही झालं नाही," दिपिका म्हणाली. आपण डॉक्टरांना काय विचारलं होतं, ते तिने त्याला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

धाकटीचं नाव उन्नती. आता ती तीन वर्षांची आहे. पळाली की धाप लागते, थंडीत छाती घरघरते. दिपिका पुन्हा शाळेत जाते. परवा आरशासमोर उन्नतीची वेणी घालताना बायजा एकदम थांबली.

"दोगी सारख्याच होत्या ना गं?" तिने विचारलं. "मंग ती पन अशीच दिसली असती."

दिपिका मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. आरशात उन्नती हसली, आणि दिपिकाने नजर खाली वळवली.