दोघांनी उचलायचा डबा

देवावर तुझा विश्वास आहे का, असं मला त्या दिवसांत कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आहे, पण सामानात कुठेतरी बांधलाय, शोधावा लागेल. हे थट्टेने म्हणत नाही. आमचे देव खरोखरच सामानात होते. कुलदैवताचे टाक, माहेरून आलेली अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण, सगळे लाल फडक्यात गुंडाळून स्टीलच्या कडीच्या डब्यात. सुरुवातीला प्रत्येक नव्या खोलीत मी आधी देव मांडायची, मग चूल पेटवायची. पुढे पुढे वाटायला लागलं, आज मांडायचे आणि उद्या परत गुंडाळायचे, त्यापेक्षा असू देत डब्यात. डबा माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

आम्ही डहाणू रोडला भाड्याच्या खोल्यांत राहतो. हे सोन्याच्या दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, कोरतात. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीने फुलं, पानं, कधी लक्ष्मीची मूर्ती. आमच्या किनारपट्टीवर घरोघरी चालणारा धंदा आहे हा, पण तो स्वतःच्या घरात चालतो. भाड्याच्या घरात हातोडीची ठकठक मालकाला चार महिने गोड वाटते, मग खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. कुणी सरळ सांगतं, कुणी म्हणतं मुलाचं लग्न ठरलंय, खोली लागेल. त्या सगळ्या मालकांच्या मुलांची लग्नं खरंच झाली असती तर गावात वरातींना रस्ता पुरला नसता. आम्ही मात्र दर वेळी निमूटपणे गाद्यांच्या वळकट्या बांधायचो.

कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. यांची हातोडी थांबलेली असायची तरी मला ठकठक ऐकू यायची. वाटायचं, मालक दारात आलाय. मी उठून दार उघडायची, बाहेर कुणी नाही. दुपारी जाग आली की खोलीचं दार कुठल्या भिंतीला आहे हेच आठवायचं नाही, कारण डोक्यात जुन्या सगळ्या खोल्या एकमेकींत मिसळलेल्या. जेवण जाईना. कुणाशी बोलावं तर शेजारणीची ओळख होईपर्यंत आम्ही निघालेले असायचो. यांना सांगावं तर ते आधीच अपराध्यासारखे वागत. छिन्नीखाली जुनं फडकं घालून आवाज दाबायला बघायचे. मग मनाने एकच धरलं, की देवांना जागा दिली नाही म्हणून देवांनी आपली जागा काढून घेतली. हा विचार आला आणि गेलाच नाही. घरातली पीडा मीच आहे, मी नसले तर यांना कुठेही एक कोपरा पुरेल, इथपर्यंत तो मला घेऊन गेला.

एका सकाळी हे माल द्यायला चिंचणीला गेले होते. मी डबा माळ्यावरून काढला, पिशवीत घातला आणि चारोटीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या देवळात डबा ठेवायचा, तुझे तू सांभाळ म्हणायचं. त्यानंतर कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. खरं तर ठरवलं होतं, पण मनातल्या मनातसुद्धा ते शब्दांत म्हणायचं मी टाळत होते. घरातून निघताना किल्ली शेजारी दिली नव्हती, ती परत मागायला मी येणार नव्हते; यांना सापडेल अशी खिडकीत ठेवली होती.

आशागडला वारली जमातीची एक म्हातारी बाई माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर गाठोडं. लेकीकडून नवा तांदूळ घेऊन गंजाडला आपल्या पाड्यावर चालली होती, हे तिने न विचारताच सांगितलं. नवा तांदूळ आधी देवाला, मग आपल्याला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी माझ्या पिशवीतला डबा खणखणत होता.

"डब्यात काय हाय गं बाय?" तिने विचारलं.

का कोण जाणे, मी खरं सांगितलं. देव आहेत म्हटलं. घर नाही, म्हणून डब्यात. आता देवीकडे ठेवायला नेतेय.

मला वाटलं, ती कानाला हात लावेल. ती म्हणाली, "मंग? आमचा देव पन टोपलीतच र्‍हातो. भाताचे दाणे घालायचे न ठेवायचा. घर जुनं झालं का मोडतो, दुसरीकडं बांधतो. देव टोपलीतच." मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तुझा घरवाला कुठं हाय?"

"कामाला गेलाय."

"त्याला सांगून आलीस?"

मी नकारार्थी मान हलवली. तेवढंच. पण तिने लगेच माझं मनगट धरलं. हात खरबरीत आणि गरम होता. "देव एकट्यानं नाय उचलायचा," ती म्हणाली. "आमच्यात दोघं लागतात. घरवाला, घरवाली. एकट्यानं उचलला तर जड होतो. जा परत. त्याला सांग, मंग दोघं या."

गंजाड आलं तेव्हा तिने गाठोडं सोडलं, डब्याची कडी स्वतः उघडली आणि मूठभर नवा तांदूळ आत घातला. तिच्या देवाचा तांदूळ, अजून देवाला दाखवलेलासुद्धा नव्हता. मग माझं मनगट परत धरून तिने मला खाली उतरवलं, रस्त्यापलीकडे नेलं आणि डहाणूकडे जाणाऱ्या रिक्षात बसवलं. मी तिचं नावही विचारलं नाही. पुढे हे आणि मी दोघं गंजाडला जाऊन आलो. पाडे पुष्कळ, म्हाताऱ्या पुष्कळ. ती भेटली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. लेकीकडून तांदूळ घेऊन जाणारी एक बाई होती, एवढं मला पुरतं.

हे परत आले तेव्हा मी डबा मांडीवर घेऊन दारातच बसले होते. सगळं सांगितलं, खिडकीतल्या किल्लीचंही. यांना रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो, तिथून मनाच्या डॉक्टरांकडे. गोळ्या अजून चालू आहेत. ठकठक अजून ऐकू येते, पण आता मी यांना विचारते, "तुम्हाला आली का?" ते नाही म्हणाले की मी बसून राहते. काही दिवस आजही काळे जातात.

घर झालेलं नाही. देव डब्यातच असतात, पण झाकण उघडं असतं आणि तळाशी तांदूळ असतो. मी देवीकडे घर मागायची, तिने मला ओझं वाटून घ्यायला शिकवलं. तिच्यावर भार टाकायचा म्हणजे आधी तो कुणाला तरी दाखवायचा, एवढंच मला कळलं. तिचे उपकार आहेत, आणि त्या खरबरीत हाताचे.

गेल्या आठवड्यात या मालकाच्याही मुलाचं लग्न ठरलं. मी गाद्यांच्या वळकट्या बांधायला घेतल्या. यांनी छिन्नी खाली ठेवली, उठले आणि डब्याची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. एका हातात सहज मावेल एवढासा डबा दोघं धरून जिना उतरताना पाहून खालची बाई हसू लागली. हसू दे. तो एकटीला किती जड होतो, ते तिला कळायची वेळ येऊ नये.