अधोलीभर कोंडा

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या काही वर्षे आधीची गोष्ट. मी लोणावळ्यात भाताच्या गिरणीवर मापारी होतो. लग्नाला चोवीस वर्षे झाली होती, घरात मूल नव्हते. बायकोला एकेचाळिसावे चालू होते.

गिरणीत पाखडायला भाजे गावची एक बाई येई. तिची तीन मुले वर्षाच्या आत गेली होती. चौथी मुलगी झाली तेव्हा बाराव्या दिवशी ती बाळाला सुपात घालून आमच्या दारात आली. मूल जगत नसले की ते दुसरीला कोंड्याच्या मोलाने विकायची रीत आहे. पाच वर्षे भरली की तेवढाच कोंडा देऊन परत घ्यायचे. परतीचे माप एकदाच घालायचे, ते चुकले तर मूल घेणारीचेच राहते. एरवी सगळे नावापुरते, मूल आईजवळच वाढते. कोंडा मीच मोजला. एक अधोली, म्हणजे दोन शेर, वरून हात फिरवून सपाट.

हमाल म्हणाले, "मापारीभाऊंना कोंड्यात लेक घावली."

अकराव्या महिन्यात त्या बाईला हिवतापाने धरले, दूध आटले. "काकू, थोडं दिस ठिवा हिला," म्हणून ती मुलगी सोडून गेली. त्या थोड्या दिवसांची चार वर्षे झाली. मधे तिला मुलगा झाला, तो जगला. दर बाजाराला ती येऊन मुलीला बघून जाई. मुलगी तिला मावशी म्हणे आणि माझ्या बायकोला आई. बायको त्या चार वर्षांत एकदाही माहेरी राहिली नाही. मी एका वकिलांना विचारले. ते म्हणाले, दत्तक मुलगाच घेता येतो. हे मी घरी सांगितले नाही.

पाच वर्षे भरली त्या आठवड्यात बाई कोंडा घेऊन आली. आमच्याच अधोलीने मोजून तिने तो सुपात ओतला. बायको मुलीची वेणी घालत होती.

"चुकलं तुझं," ती म्हणाली. "आम्ही शीग लावून दिला होता."

"न्हाई वो काकू. सपाटच व्हता."

"तू ओली बाळंतीण होतीस, तुला काय आठवणार? चुकल्या मापानं नेलीस तर पोरीला बाधेल. तीन गेलीत तुझी."

बाईचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. "भाऊ, माप तुमीच घातलंतं. तुमी सांगा."

बायकोने वर पाहिले नाही. तिचे हात मात्र थांबले.

"सपाट होतं," मी म्हणालो.

त्या बाईची दया आली म्हणून बोललो, असे म्हणता येईल. पण ते खरे नाही. एकोणीस वर्षे कोणी माप विचारले की मी सांगत आलो होतो, तसेच सांगितले.

बायकोने वेणी पुरी केली, फीत बांधली. मुलीला वाटले, मावशीकडे मुक्कामाला जायचे आहे. "आई, तू कधी येणार?" तिने दारातून विचारले.

"उद्या," बायको म्हणाली. आम्ही गेलो नाही.

दुसऱ्या सकाळी तिने तांदळाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "तुमचं माप चुकत नाही. रोजचे तांदूळ तुम्हीच काढत जा."

मी काढले. तिने ताटात पाहिले.

"चुकलं," ती म्हणाली, आणि तिसऱ्या माणसाची मूठ तिने डब्यात परत टाकली.