आत्याची फुलपाखरं

माझी आत्या एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहिते. लग्न न करता तिने वीस वर्षं घरच्यांच्याच फजित्यांवर संसार चालवला. शेवटी घरात सभा भरली. काका घसा खाकरून म्हणाले, “ताई, आमच्या अब्रूचे धिंडवडे आता पुरे!”

आत्याने निमूटपणे फुलपाखरांवर लिहिलं. लगेच संपादकांचा नाकातला आवाज फोनवर आला, “बाई, फुलपाखरं गोऽड आहेत हो, पण कुणी हसलं नाही. असंच चाललं तर सदर बंद करावं लागेल.”

आत्याचं जेवणातलं लक्ष उडालं. तसे काका स्वयंपाकघरात घुटमळू लागले. “सहज सांगतो हं. आज ऑफिसात साहेबांची नक्कल करत होतो, तर साहेब मागेच उभे!”

“त्यात काय भावोजी?” आई म्हणाली. “मी तर शेजारणीच्या चुगल्या चुकून तिलाच फोन लावून सांगितल्या.”

“आणि अब्रू?” आत्याने विचारलं.

“अब्रू कुठे पळून जातेय?” काका म्हणाले. “फक्त मी नवा कोट घातला होता, तेवढं लिही.”

सदर टिकलं. काका मात्र रुसलेत, कारण आईची फजिती आधी छापून आली.