चंचीतल्या गोळ्या

मांड्या दुखायल्यात म्हणून हे खाटेवरून उठेनात, तेव्हा मला वाटलं, सोंग आहे. तूर काढायला माणसं मिळेनात आणि यांना नेमकं आताच दुखणं कसं आलं? म्हटलं, "आवो, काल पारावर बसायला बरे गेलता!"

"गेलतो कुठं? दोघांनी धरून नेलं."

तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. मग माझा संशय औषधाच्या दुकानावर गेला. मागच्या खेपेला यांच्या रोजच्या गोळीच्या पाकिटाचा रंग बदलला होता. भालकीला जाऊन भांडलेच मी. दुकानदार म्हणाला, "अक्का, गोळी तीच हाय, कंपनी दुसरी. अण्णा आणिक काय खायलेत का?"

"काय न्हाई."

खोटं बोलले. बीदरच्या डॉक्टरीणबाईंनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती. दिवाळीत लेकीकडं उदगीरला गेलो, तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून ट्रायग्लिसराइडची दिली. त्यांना बीदरचा कागद मी दाखवलाच नाही, पिशवी मांडीखाली दाबून बसले. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवला की डॉक्टरला राग येतो, अशी माझी समजूत. एका घरी जेवताना दुसऱ्या घरच्या भाजीचं कौतुक करतं का कोणी?

घरी आल्यावर गोळ्या सासूबाईंच्या जुन्या चंचीत घातल्या. सुपारीच्या कप्प्यात बीदरच्या, तंबाखूच्या कप्प्यात उदगीरच्या.

यांना बीदरला नेलं. लघवीचा रंग ऐकताच बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "अक्का, अजून काय काय देता यांना? सगळं काढा." मी कमरेची चंची घट्ट धरली. तपासायच्या खाटेवरून हे ओरडले, "काढ की गं! मी मरायलोय आन् तू कामून लपवायलीस?"

चंची टेबलावर उलटी केली. बाईंनी दोन गोळ्या शेजारी ठेवल्या. म्हणाल्या, एकेकटी कामाची, पण ही जोडी एखाद्याला बाधते. स्नायू झिजतात आणि ती झीज मूत्रपिंडाला मारते. दोन्ही गोळ्या बंद केल्या, सलाईन लावलं, चार दिवस ठेवून घेतलं. निघताना बजावलं, "आपल्या मनानं सुरू करू नका, बंदही करू नका. नव्या डॉक्टरला आधी जुनं दाखवा."

आता हे काठी घेऊन बांधापर्यंत जातात. नवी गोळी हातावर ठेवली की उजेडाकडं धरून बघतात.

"ही कुणाची?"

"बीदरच्या बाईंची."

"आन् दुसरी? कुठं लपवलीस?"

मी चंचीचे सगळे कप्पे उघडून दाखवते. रोज. त्याशिवाय हे पाण्याचा तांब्या तोंडाला लावत नाहीत.