गायकवाड बाईंचं ‘कशावरून?’

उत्तर बरोबर आलं तरी गायकवाड बाई लगेच शाबासकी द्यायच्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?" चौथीतली पोरं सुरुवातीला घाबरून उत्तरच बदलायची. मग बाई हसायच्या. "अगं, बरोबरच आहे. पण तुला कुणी सांगितलं, की तुझं तुला कळलं?"

मी थेरगावच्या त्या शाळेत लागले तेव्हा बाई तिथं मुरलेल्या होत्या. तरी माझ्यासारख्याच कंत्राटावर. दर उन्हाळ्यात नेमणुकीची नवी ऑर्डर. मी मुळातच भित्री. त्यात नवरा चाकणच्या कंपनीत, तोही कंत्राटी, आणि मराठवाड्यातलं घर आमच्याकडे डोळे लावून बसलेलं. संस्थेचे साहेब जिन्यात खोकले तरी माझ्या हातातला खडू मोडायचा. बाईंच्या वर्गाला गणित मी शिकवायचे, म्हणजे त्या वर्गाच्या निकालात माझाही जीव अडकलेला.

त्या वर्षी साहेबांनी बाहेरची एक परीक्षा आणली. उत्तराचा गोल पेन्सिलनं काळा करायचा, तपासणार यंत्र. "ज्या वर्गाचा निकाल घसरेल, त्या टीचरनी दुसरी शाळा बघायची," असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गांत सराव प्रश्नपत्रिकांचा रतीब सुरू झाला. बाईंचा वर्ग मात्र मैदानात, झेंड्याच्या खांबाची सावली खडूनं आखत बसलेला. वर खिडकीत साहेब उभे.

"बाई, आत चला हो," मी अक्षरशः हात जोडले. "साहेब बघतायत."

"बघू द्या की. सावली सरकते ती त्यांनापण दिसेल." मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भ्यालेलं पोर विचार करत नाही हो, नुसतं पाठ करतं. तुमचा चेहरा बघून पोरं भितात. जरा हसा."

हसू कुठलं येतंय!

परीक्षा झाली. ऑफिसात गठ्ठा लावताना वरच्याच उत्तरपत्रिकेवर माझी नजर गेली आणि मी गठ्ठा तसाच खाली ठेवला. सानिका नावाच्या मुलीची होती. ‘सावली सगळ्यात आखूड कधी?’ या प्रश्नाचा गोल काळा केलेला, आणि शेजारी, जिथं साधी रेघही उमटता कामा नये तिथं, बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘दुपारी. कारण आम्ही खांबाची मोजली.’ खालची पत्रिका तशीच. तिच्या खालचीही. अख्ख्या वर्गानं प्रत्येक गोलापाशी ‘कशावरून’ ते लिहून ठेवलं होतं. असल्या पत्रिका यंत्र परत फेकतं, हे पोरांना बजावायचं बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

साहेबांनी आमच्यापुढं खोडरबर ठेवले. "खोडा सगळं. आणि बसलाच आहात तर चुकलेले गोलही नीट करून टाका."

मी बाईंकडं पाहिलं. त्यांचे ओठ थरथरत होते. बाईंना भ्यालेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानं मला जास्तच भीती वाटली.

"पोरांनी लिवलेलं मी खोडनार न्हाई, साहेब." घाबरल्या की त्यांच्या तोंडी घरची बोली येते, हे मला तेव्हा कळलं. "आन् ह्या मॅडमना यात घेऊ नका. वर्ग माझा हाय."

"मग जबाबदारी तुमची," म्हणत साहेबांनी खोडरबर उचलून घेतले. पत्रिका तशाच गेल्या आणि तशाच परत आल्या. निकालाच्या तक्त्यात वर्गापुढं शून्य लागलं. उन्हाळ्यात मला ऑर्डर मिळाली, बाईंना मिळाली नाही. त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले, तेही इकडंतिकडं बघत.

"बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की! घरभाडं काय तुम्हाला एकटीलाच आहे?" एवढं बोलून त्या रिक्षात बसल्या.

यंदा पुन्हा तीच परीक्षा आहे. परवा साहेब माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. मी फळ्यावर सरावाचं गणित लिहिलं, उत्तर ‘क’ म्हणून सांगितलं आणि वळले. सगळी पोरं मान खाली घालून ‘क’ उतरवून घेत होती. एकही वर बघत नव्हतं. घामानं माझ्या हातातला खडू ओला झाला. मागं साहेब खोकले.

"कशावरून?" मी विचारलं. आवाज अगदीच बारीक निघाला.

पोरांनी दचकून माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग मी हसले.